लाँग बीचची लाल गाडी

एसटीत फेरी बंद पडते ती भारमानावर. गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या, त्याची टक्केवारी म्हणजे भारमान. ती काही महिने खालीच राहिली की आगारातून विभागाकडे कागद जातो, विभागाची मंजुरी येते आणि चौकशी खिडकीवरच्या फळ्यावरून एका गावाचं नाव पुसलं जातं. वाहतूक नियंत्रकाच्या खुर्चीत बसून असे कागद मीही केले आहेत. त्यातला आकडा खोटा नसतो. फक्त त्यात गाडीत बसलेली माणसंच मोजलेली असतात. गाडीचा भरवसा नाही म्हणून घरी राहिलेली, कर्ज काढून दुचाकी घेतलेली, मुलीचं कॉलेज सोडवलेली माणसं वेबिलावर कुठेच येत नाहीत.

निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत मुक्कामाला आलो. इथल्या वाचनालयातून लॉस एंजेलिसच्या जुन्या गाड्यांवरची पुस्तकं जावईबापूंनी आणून दिली, आणि तोच भारमानाचा कागद मला एका अख्ख्या महानगराच्या मापाचा दिसायला लागला. मोटारींचं शहर म्हणून हे जगभर ओळखलं जातं. पण हे शहर मोटारींनी वसवलेलं नाही. ते वसवलं विजेवर धावणाऱ्या लाल गाड्यांनी. लाल रंगाच्या सार्वजनिक गाडीबद्दल मला वाटणारी माया वाचकांनी समजून घ्यावी.

हेन्री हंटिंग्टन हा रेल्वेच्या घराण्यातला माणूस. त्याचे काका कॉलिस हंटिंग्टन हे सदर्न पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष. काका १९०० साली वारले, पुतण्याच्या हाती मोठा पैसा आला आणि १९०१ मध्ये त्याने पॅसिफिक इलेक्ट्रिक ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९०२ रोजी, लॉस एंजेलिस ते लाँग बीच हा तिचा मार्ग सुरू झाला. वीसेक मैलांचं अंतर, मध्ये शेतं आणि मोकळं माळरान. १९०० च्या जनगणनेत लाँग बीचची वस्ती २,२५२ होती. १९१० मध्ये ती १७,८०९ झाली. गाडी आधी आणि गाव मागून, हा क्रम आमच्या एसटीच्या उलटा. आमच्याकडे गावं शेकडो वर्षांची, गाडी १९४८ नंतरची.

हंटिंग्टनचा खरा धंदा तिकिटांचा नव्हताच. तो आधी जमीन घ्यायचा, मग तिथे रूळ न्यायचा, मग त्याच जमिनीचे प्लॉट पाडून विकायचा. गाडी ही त्या प्लॉटांची जाहिरात. तिच्यातून नफा झाला तर ठीक, नाही झाला तरी जमिनीत वसूल. याच रीतीने समुद्रकाठची, डोंगरपायथ्याची, संत्र्यांच्या बागांतली गावं एकमेकांना जोडली गेली. पुढे हे जाळं चार जिल्ह्यांत, हजार मैलांहून जास्त रुळांवर पसरलं. शहराच्या आत त्याच्याच दुसऱ्या कंपनीच्या पिवळ्या गाड्या धावत. रूळ टाकणारे मजूर बहुतेक मेक्सिकन. १९०३ मध्ये त्यांनी मजुरीसाठी संप केला, तो कंपनीने मोडून काढला. लाँग बीचच्या वाटेवर वॉट्स नावाची जी वस्ती उभी राहिली, तिच्या पहिल्या रहिवाशांत हे रेल्वेमजूर होते. वॉट्स हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९११ मध्ये हंटिंग्टनने लाल गाड्या सदर्न पॅसिफिकच्या हवाली केल्या आणि पिवळ्या स्वतःकडे ठेवल्या. प्लॉट बहुतेक विकून झाले होते. मला वाटतं, या गाड्यांचं भवितव्य तिथेच ठरलं. जमीन विकण्यासाठी सुरू केलेली गाडी जमीन विकून झाल्यावर कशासाठी चालवायची, याचं उत्तर कंपनीकडे नव्हतं, आणि ती चालवणं आपलं काम आहे असं सरकारलाही अजून वाटत नव्हतं.

इथून पुढे मोटारगाडी आली. १९२० मध्ये शहराची लोकसंख्या पावणेसहा लाख, १९३० मध्ये साडेबारा लाखांच्या घरात. बहुतेक लाल गाड्या शहराच्या मध्यभागात रस्त्यावरूनच जात, मोटारींच्या गर्दीत अडकत. एप्रिल १९२० मध्ये नगरपरिषदेने धाडस केलं: मध्यभागात दिवसा मोटार उभी करायला बंदी. ट्राम झटक्यात वेळेवर धावायला लागल्या. पण दुकानदारांचं गिऱ्हाईक आटलं, वर्तमानपत्रं बिथरली आणि क्लारा किंबल यंग या त्या वेळच्या सिनेतारकेने मोटारींचा मोर्चा काढला. महिना उलटायच्या आत बंदी ढिली पडून फक्त संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेपुरती उरली. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर पार्किंगबंदी लावून पाहिलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला ही हकीकत नवी वाटणार नाही.

तेव्हा उपाय कुणाला सुचत नव्हते असं नाही. १९२५ मध्ये नगरपालिकेनेच केल्कर आणि डी ल्यू या अभियंत्यांकडून भुयारी आणि उन्नत रेल्वेचा मोठा आराखडा करून घेतला. (हा केल्कर आपला नव्हे, शिकागोचा.) त्याच वर्षी लाल गाड्यांसाठी मध्यभागाखालून सुमारे मैलभराचं भुयार सुरूही झालं, हॉलिवूडकडे जाणाऱ्या गाड्या त्यातून निघत. पण मोठा आराखडा खर्चापायी आणि उन्नत मार्गांच्या धास्तीपायी बासनात गेला. १९२६ मध्ये स्थानक कुठे आणि कसं बांधायचं यावर मतदान झालं, तेव्हा लोकांनी खांबांवरच्या रेल्वेला नकार दिला. लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लाल गाडीची कंपनी त्यांच्या मनातून पार उतरली होती. गाड्या कोंदट, उशिरा येणाऱ्या, आणि कंपनी दरवेळी भाडेवाढ मागायला दारात उभी. अशा कंपनीसाठी आपण कराचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त होता. कंपनी बाजूला सारून सेवा मात्र आपली म्हणून ताब्यात घेता येते, हा विचार तेव्हा तिथे रुजला नाही.

मग उतरती कळा लागली. प्रवासी घटले म्हणून फेऱ्या घटल्या, फेऱ्या घटल्या म्हणून आणखी प्रवासी गेले. १९४० च्या डिसेंबरात अरोयो सेको पार्कवे हा इथला पहिला फ्रीवे उघडला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर यांचं रेशनिंग आलं तेव्हा त्याच म्हाताऱ्या लाल गाड्यांना माणसं लोंबकळत गेली, कंपनीच्या इतिहासातली सर्वांत मोठी प्रवासीसंख्या त्याच काळातली. त्याच सुमारास, २६ जुलै १९४३ ला, शहरावर असा धुरकट पडदा उतरला की लोकांना जपानी वायुहल्ला झाल्याचा संशय आला. मोटारींचा धूर त्याच्या मुळाशी आहे, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. युद्ध संपलं, रेशनिंग उठलं आणि भारमान पुन्हा कोसळलं. १९५३ मध्ये सदर्न पॅसिफिकने प्रवासी सेवा विकून टाकली. १९५५ मध्ये ते भुयार बंद. १९५८ मध्ये सरकारी मंडळाने उरलंसुरलं ताब्यात घेतलं, ते मोडीत काढण्यासाठीच म्हणा. ९ एप्रिल १९६१ रोजी लाँग बीचची लाल गाडी बंद झाली. सगळ्यात आधी सुरू झालेल्या लांब मार्गांपैकी एक, आणि सगळ्यात शेवटी बंद पडलेला. पिवळ्या गाड्या मार्च १९६३ पर्यंत तगल्या.

इथे कुणालाही हा विषय काढला की तो जनरल मोटर्सचं नाव घेतो: मोटार कंपन्यांनी ट्राम विकत घेऊन मारल्या. यात तथ्य आहे, पण अर्धंच. नॅशनल सिटी लाइन्स नावाच्या साखळीत जनरल मोटर्स, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल यांचे पैसे होते, आणि १९४९ मध्ये शिकागोच्या न्यायालयात बस आणि सुट्या मालाच्या विक्रीची मक्तेदारी रचल्याबद्दल त्यांना दोषी ठरवलं गेलं. जनरल मोटर्सला दंड ५,००० डॉलर, एका अधिकाऱ्याला १ डॉलर. पण या साखळीने इथे घेतल्या त्या पिवळ्या गाड्या. हजार मैलांच्या लाल गाड्या तिच्या ताब्यात कधीच नव्हत्या, त्या त्यांच्याच मालकांनी एकेक करून बंद केल्या. खलनायक सापडला की बरं वाटतं. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या सिनेमानेही तेच केलं. मला मात्र त्या कंपनीच्या कारकुनांचे ताळेबंद डोळ्यांसमोर येतात. कट न करताही गाडी बंद पाडता येते, फक्त दर वर्षी भारमान बघत राहायचं.

माझी मुलगी राहते ते लेकवुड हे त्या शेवटच्या वर्षांतलंच गाव. १९५० पासून तीनेक वर्षांत घेवडा-बीटाच्या शेतांवर साडेसतरा हजार घरं एका साच्यातून काढल्यासारखी उभी केली. बाजारपेठेला दहा हजार मोटारींचा वाहनतळ. घरं टुमदार, अंगणात लिंबाचं झाड, शेजारी सज्जन. पण आमच्या हिला कोथिंबिरीची जुडी हवी असेल तर मुलगी ऑफिसातून यायची वाट बघावी लागते. पदपथ आहे, त्यावर माणूस नाही. वाणसामानाचं दुकान मैलभरावर, मधला रस्ता सहा पदरी. गावाकडे रोज बाजार पायाखाली घालणारी बाई इथे खिडकीशी बसते. आर्टेशियाला भारतीय दुकानांची रांग आहे, मोटारीने फार दूर नाही. पण “बाबा, शनिवारी जाऊ” हेच उत्तर. मुलांचा दोष नाही. घरात दोन मोटारी, दोन हप्ते, दोन विमे, आणि तरीही घरातली दोन माणसं अडकलेली. अमेरिकेत मुलांकडे सहा महिने काढून आलेल्या कुठल्याही आई-वडिलांना विचारा, हेच सांगतील. आणि आमच्यासारखे पाहुणे सुटून जातात. इथलेच पंच्याऐंशीचे म्हातारे, डोळे अधू झाल्यावर परवाना गमावलेले, ते कुठे जाणार?

आता वॉट्स. लाल गाडी वॉट्समध्ये थांबायची. १९०४ च्या सुमाराचं ते लाकडी स्टेशन अजून उभं आहे. सायमन रोडिया या इटालियन मजुराने रुळांच्या कडेला, फुटक्या फरशा आणि बाटल्यांचे तुकडे जडवत वॉट्स टॉवर्स बांधले, ते जाणाऱ्या-येणाऱ्या लाल गाडीतून दिसत. युद्धाच्या काळात दक्षिणेतून आलेली काळी कुटुंबं इथे राहिली, कारण दुसरीकडे त्यांना घरं मिळत नव्हती. लेकवुडमध्ये तर नाहीच नाही. कारखाने मात्र सरकत सरकत गोऱ्या उपनगरांकडे गेले. १९६१ मध्ये गाडी बंद झाली. उरल्या त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या बस, दर बदलाला नवं तिकीट आणि नवी वाट बघणं. वस्तीत मोठं रुग्णालय नव्हतं. जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय शहराच्या पलीकडे, आजारी पोर कडेवर घेऊन बस बदलत जायचं.

ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स पेटलं. सहा दिवस, ३४ मृत्यू. ठिणगी पोलिसांनी एका मोटारचालकाला अडवण्याची होती आणि दारुगोळा अनेक वर्षांचा, पोलिसी जाचाचा, बेकारीचा. गाडी बंद झाली म्हणून दंगल झाली असं म्हणणं पोरकटपणा ठरेल. पण जॉन मॅकोन यांच्या आयोगाने त्याच डिसेंबरात अहवाल दिला, त्यात नोकऱ्या, शाळा, पोलीस यांच्याबरोबर सार्वजनिक वाहतुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. अपुऱ्या आणि महाग बससेवेमुळे या भागातल्या लोकांना कामापर्यंत पोचता येत नाही, बहुतेकांकडे मोटार नाही, सेवा एकत्र करा आणि सरकारने तिला पैसा पुरवा, असा त्याचा आशय. लाँग बीचच्या फेरीचं भारमान काढणाऱ्याने जी माणसं मोजली नव्हती, ती अशी चार वर्षांनी सरकारी अहवालात आली.

तरी पुढची पंधरा वर्षं काही हललं नाही. १९६८, १९७४, १९७६, तीनदा रेल्वेसाठी कराचा प्रस्ताव मतदानाला आला, तीनदा पडला. १९८० मध्ये केनेथ हान या जिल्हा पर्यवेक्षकाने, ज्याच्या मतदारसंघात वॉट्स येत होतं, प्रस्ताव वेगळ्या रीतीने मांडला. विक्रीकर अर्ध्या सेंटाने वाढवायचा. त्यातून रेल्वे तर बांधायचीच, पण ती होईपर्यंत तीन वर्षं बसचं तिकीट उतरवून ५० सेंट करायचं. मुरलेला राजकारणी! रेल्वे दहा वर्षांनी दिसणार, स्वस्त तिकीट लगेच. प्रस्ताव मंजूर झाला. कोर्टकज्जा उरकून १९८२ पासून तिकीट उतरलं आणि १९८५ पर्यंत बसचे प्रवासी सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. सवलत संपली, भाडं वाढलं, प्रवासी पुन्हा घटले. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका भाग वाटतो. मोटारीच्या देशात माणसं बसमध्ये बसत नाहीत, हा समज तीन वर्षांत खोटा ठरला. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट झालं तेव्हा गाड्यांना जी गर्दी उसळली ती ज्यांनी पाहिली, त्यांना याचं नवल वाटणार नाही. त्या बायका आदल्या महिन्यातही गावातच होत्या.

१४ जुलै १९९० रोजी लॉस एंजेलिस ते लाँग बीच गाडी पुन्हा सुरू झाली. ब्लू लाइन, आताची ए लाइन. बव्हंशी लाल गाडीच्याच जुन्या वाटेवर. खर्च ८७७ दशलक्ष डॉलर. जावईबापूंनी मला पहिल्यांदा विलो स्ट्रीट स्टेशनवर सोडलं ते मोटारीनेच, कारण आगगाडीला जायलाही इथे मोटार लागते. स्टेशनाला लागून वाहनतळ आहे. गाडीत कडक इस्त्रीचे कोटवाले कुणी नव्हते. चमकदार जाकिटं घातलेले बांधकामावरचे कामगार, रुग्णालयाच्या गणवेशातल्या परिचारिका, पाठीवर दप्तर आणि कानात वायरी असलेली पोरं, साफसफाईचं सामान चाकाच्या पिशवीत घेतलेल्या मेक्सिकन बाया. सकाळच्या पहिल्या गाडीला तालुक्याला निघणारी आमची माणसं अशीच. कॉम्प्टन गेलं, मग विलोब्रूक-रोझा पार्क्स. दंगलीनंतर बांधलेलं मार्टिन ल्यूथर किंग रुग्णालय १९७२ मध्ये याच स्टेशनाजवळ सुरू झालं. मग वॉट्स, खिडकीतून रोडियाचे मनोरे. शहराच्या मध्यापर्यंत तासभर लागतो. डब्यात बेघर माणसंही झोपलेली असतात, कधी भांडणं होतात, रस्त्याच्या फाटकांवर अपघातांची या मार्गाची नोंद वाईट आहे. मुलगी म्हणते, “बाबा, संध्याकाळी एकटे येऊ नका.” तिची काळजी खोटी नाही. पण गाडीत माणसं जितकी जास्त, तितकी ती सुरक्षित, हे रात्रीच्या शेवटच्या गाडीवर काम केलेल्या कुठल्याही वाहकाला विचारा.

रेल्वे आली म्हणून प्रश्न संपला नाही, उलट नवा भांडणतंटा उभा राहिला. रुळांवर अब्जावधी ओतले जात असताना बस मात्र जुन्या, खचाखच भरलेल्या. १९९४ मध्ये मेट्रो या इथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने भाडं १.१० वरून १.३५ डॉलर करायचं आणि ४२ डॉलरचा मासिक पास बंद करायचं ठरवलं. बस रायडर्स युनियन या प्रवाशांच्या संघटनेने नागरी हक्कांच्या वकिलांना घेऊन थेट कोर्ट गाठलं: रेल्वेचे प्रवासी गोरे आणि सुस्थितीतले जास्त, बसचे गरीब, काळे आणि लॅटिनो, मग पैशाची ही वाटणी भेदभावाची नाही का? १९९६ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. पास वाचला, बसमध्ये किती माणसं उभी राहू शकतात यावर मर्यादा आली, आणि दहा वर्षांत दोन हजारांवर नव्या बस घ्याव्या लागल्या. खासगीत सांगतो, उभ्या प्रवाशांच्या संख्येवर कोर्टाचा हुकूम, हे वाचून माझ्यातला नियंत्रक हबकला. यात्रेच्या हंगामात आमचं काय झालं असतं! पण संघटनेचं मूळ म्हणणं मला पटतं. रुळांचं उद्घाटन छान दिसतं, फोटो येतात. ज्या माणसाला मोटार परवडत नाही त्याला हवी असते घराजवळून दहा मिनिटाला एक बस. दहा मिनिटाला गाडी असली की वेळापत्रक कुणी पाहत नाही. पाऊण तासाला एक असली की पहिली चुकताच माणूस मोटारीचं कर्ज काढायला जातो.

त्यानंतर लोकांनी २००८ आणि २०१६ मध्ये आणखी दोनदा स्वतःवर कर बसवून घेतला, दोन्ही वेळा दोनतृतीयांशांहून जास्त मतांनी. १९२६ मध्ये खांबांवरची रेल्वे नाकारणाऱ्या याच शहरात. २०१६ मध्ये सांता मोनिकाला रेल्वे पोचली, तीही १९५३ मध्ये बंद झालेल्या लाल गाडीच्या वाटेवरून. विमानतळाची कथा जरा लाजिरवाणी आहे. १०५ क्रमांकाच्या फ्रीवेच्या मधोमध ग्रीन लाइन १९९५ मध्ये धावली, ती विमानतळाच्या उंबऱ्याशी येऊन दुसरीकडे वळली. (‘स्पीड’ या सिनेमातली ती न थांबणारी बस याच फ्रीवेवर चित्रित झाली, फ्रीवे उघडायच्या आधी. थांबे न घेणाऱ्या बसवर अख्खा सिनेमा काढावा, हे या शहरालाच सुचावं.) विमानतळाला जोडणारं स्थानक जून २०२५ मध्ये उघडलं. ए लाइन आता पोमोनापर्यंत गेली आहे आणि तिची लांबी ५७ मैलांवर आहे.

यातलं आपलं काय, हे सांगायला मी एसटीकडे येतो. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली ती सरकारी होती. एसटीला मक्ता मिळाला त्याबरोबर बांधीलकीही आली: पुणे-मुंबईसारख्या मार्गावर कमवायचं आणि डोंगरातल्या वाडीला ते घालायचं. मुक्कामी गाडी हे त्याचं सर्वांत चोख रूप. संध्याकाळी गाडी गावात जाते, चालक-वाहक देवळात किंवा शाळेत झोपतात आणि पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, कोर्टाच्या तारखेची माणसं घेऊन तालुक्याला निघते. भारमान काढलं तर संध्याकाळची फेरी रिकामी दिसते. पण ती रिकामी गेली नाही तर पहाटेची भरलेली निघणार कुठून? आमच्या आगारातली अशी एक मुक्कामी गाडी बंद झाली, तेव्हा त्या वाडीत वडापची जीप सुरू झाली. पहिली काही वर्षं जीपवाल्याचं छान चाललं. मग ज्यांना झेपलं त्यांनी मोटारसायकली घेतल्या, जीपही बंद पडली, आणि उरल्या म्हाताऱ्या बाया आणि शाळेच्या मुली. हंटिंग्टनकडे फेरी चालवण्याची बांधीलकी नव्हती म्हणून त्याची गाडी मोडली. आपल्याकडे ती आहे आणि आपण ती एकेका कागदावर सोडत चाललो आहोत.

सोडू नये अशी दुसरी गोष्ट जागा. लाँग बीचची गाडी १९९० मध्ये परत येऊ शकली, कारण सदर्न पॅसिफिकने त्या वाटेवर मालगाड्या चालू ठेवल्या होत्या. पट्टा शाबूत राहिला. सांता मोनिकाचा पट्टा वाहतूक आयोगाने १९९० मध्ये रेल्वेकडून विकत घेऊन ठेवला, म्हणून पंचवीस वर्षांनी कामी आला. आणि हॉलिवूडचं ते १९२५ चं तयार भुयार? १९७० च्या दशकात त्याच्या वाटेत बोनाव्हेंचर हॉटेलचा पाया घातला गेला. पुढे हॉलिवूडला मेट्रो न्यायची वेळ आली तेव्हा जमिनीखाली सगळं नव्याने खणावं लागलं. त्या भुयारी मार्गाच्या साडेसतरा मैलांना साडेचार अब्ज डॉलर लागले आणि १९९५ मध्ये खणताना हॉलिवूड बुलेव्हार्डच खचला.

आपल्या तालुक्यातालुक्यांत एसटीची स्थानकं आणि आगारं गावाच्या ऐन मध्यावर आहेत, आणि त्या जागांवर व्यापारी संकुलं उभारण्याच्या योजना सतत येत असतात. संकुलाला माझा विरोध नाही. वर दुकानं होऊ द्यात, महामंडळाला भाडं मिळू द्यात. पण तुमच्या गावच्या स्थानकाचा आराखडा जाहीर होईल तेव्हा हरकती नोंदवायच्या मुदतीत एकदा तिथे जा. गाळे किती ते विकासक सांगेलच. तुम्ही आधी फलाट मोजा, मुक्कामी गाड्या उभ्या करायला जागा कुठे ठेवली आहे ते विचारा, आणि फलाट आहेत त्यापेक्षा कमी निघाले तर लेखी हरकत द्या, पोच घेऊन.